चेहरा नको, सुई दाखव

तीर्थरूप मामा,

लांब राहून तुमचं शहाणपण ऐकणाऱ्या भाच्याचा तुम्हाला वाकून नमस्कार (कंबर सध्या वाकलेलीच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत). तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालतो. मामीचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना तोच कुरकुरतो, की आता त्याच्या वतीनं मामीच कुरकुरते? स्टुडिओत फोटो काढायला कुणी येतं का, की अजून तुम्ही काचेआड बसून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या तोंडावर उजेड कुठून पडतोय ते बघत असता? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. पुढचं काही तिनं विचारलं तर विषय बदला.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून. मी नुसतं 'मामा' म्हटलं की तुम्ही म्हणता, 'आधी उजेडाकडे तोंड कर.' मग उजेड, सावली, गालाचं हाड, नाकाचा शेंडा असं करत करत बोलणं तुमच्या तरुणपणात जाऊन पोचतं आणि माझ्या फोनची बॅटरी मान टाकते. पत्रात मधे बोलता येत नाही. मला सातवीनंतर शाळेनं सोडलं, तेव्हा अक्षराकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करा. पण मजकूर मात्र पुरता वाचा, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ तुम्ही आहात. रागावू नका. आधी ऐकून घ्या, मग रागवा.

आमची कंपनी कपड्याच्या कारखान्यांना शिलाई मशिनं विकते आणि ती बिघडली की दुरुस्त करून देते, हे तुम्हाला माहीत आहे. विकतात साहेब, दुरुस्त करतो मी. इतके दिवस खांद्याला हत्यारांची बॅग लावून मी या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरायचो, आणि मला ते झकास मानवत होतं. एका जागी बसलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, तुम्ही लहानपणापासून बघताय. पण साहेबांच्या डोक्यात आलं की आपण याला पगार देतो तो मशिनं दुरुस्त करायचा, आणि हा दिवसातला अर्धा वेळ बसच्या खिडकीतून बाहेर बघतो. म्हणून त्यांनी मला शोरूमच्या मागच्या खोलीत एका खुर्चीवर बसवलं, समोर एक मशीन ठेवलं, शेजारी कंपनीचा जुना लॅपटॉप ठेवला आणि सांगितलं, आता कारखान्यांनी व्हिडिओ कॉल करायचा आणि तू इथूनच त्यांना दाखवायचं. एक महिना बघू. जमलं तर ही खुर्ची कायमची तुझी, पगार वाढवून. नाही जमलं तर गोदामात खोकी उचल. मी म्हटलं, माझी बॅग? तर ती त्यांनी आधीच दुसऱ्या मिस्त्रीच्या खांद्यावर देऊन टाकली होती. म्हणजे मागचा पूल पाडून मला पुढे ढकललं. (त्या मिस्त्रीनं माझा छोटा पेचकस पहिल्याच दिवशी हरवला. ते वेगळं पत्र होईल.)

लॅपटॉपच्या झाकणावर जो टिकलीएवढा कॅमेरा असतो, तो मला खालून बघायचा. त्यामुळे समोरच्याला माझ्या दोन नाकपुड्या, छताचा पंखा आणि कुठेतरी कोपऱ्यात मशिनची पाठ, एवढाच देखावा दिसे. पहिला कॉल आला तो एका मोठ्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंचा. या बाई म्हणजे शिलाई मशिनांच्या अख्ख्या एका ओळीच्या मालकीण. त्यांच्या ओळीतल्या मुली त्यांच्या नुसत्या चष्म्याला घाबरतात. मी सुई कशी बसवायची ते जीव तोडून सांगतोय, आणि बाई म्हणतात, 'मिस्त्री, तुम्ही धुक्यात बसलाय का?' मी सुई उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. बाई म्हणाल्या, 'आता धुक्यात बोट दिसतंय.' मागून मुलींचं खुसूखुसू हसणं ऐकू आलं. माझे कान लाल झाले असणार, पण तेवढ्या कॅमेऱ्यात तेही दिसले नाहीत.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, चांगला कॅमेरा घे, कंपनी देईल, पण नीट निवडून घे, मला सारखा त्रास नको. नीट निवडून! मामा, माणसानं चप्पल निवडावी, छत्री निवडावी. कॅमेरा निवडायचा म्हणजे ज्याला त्यातलं काही कळत नाही तो प्रत्येक माणूस तुम्हाला अडवून सल्ला देतो. आमचे कॅशियर काका, ज्यांनी स्वतःचा शेवटचा फोटो ओळखपत्रासाठी काढला, ते म्हणाले, महागातला घे, महाग असतं ते चांगलंच असतं. (आणि बिल नेल्यावर हेच काका म्हणाले, 'एवढा महाग?') शोरूममधला विक्रेता म्हणाला, आधी केस काप. आणि मग मी तुम्हाला फोन केला. आठवतंय का काय म्हणालात? 'व्हिडिओ कॉल म्हणजे चेहरा. चेहरा उजळ दिसला की समोरचा ऐकतो. चेहऱ्याला जपणारा कॅमेरा घे.' मी ते वाक्य घोकत दुकानात गेलो. तिथेच माझी गाडी रुळावरून घसरली.

दुकानदारानं विचारलं, कामाचे कॉल का? मी म्हटलं, हो, कामाचेच. मग त्यानं जो कॅमेरा काढला त्याची तारीफ तो स्वतःच्या जावयाची करावी तशी करत होता. हा चेहरा ओळखतो, हा कातडी मऊ करतो, डोळ्यांखालचं काळं घालवतो, आणि मागचा पसारा आपोआप धूसर करून टाकतो, म्हणजे खोली कशी का असेना, माणूस साहेब दिसतो. मी आरशात बघावं तसं त्यात बघितलं. मामा, खोटं कशाला बोलू, मी इतका देखणा असेन असं मला वाटलं नव्हतं. घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंचा कॉल. 'अरे वा, मिस्त्री, आज लग्नाला निघालात का?' मी खूश. सुई हातात घेतली आणि पुढे धरली. बाई म्हणाल्या, 'कुठाय सुई?' मी म्हटलं, ही काय. 'हाताला बोटं तरी आहेत का तुमच्या? मनगटापुढं नुसता धूर दिसतोय.' मग मला कळलं. त्या शहाण्या कॅमेऱ्याला चेहरा सोडून जगातलं सगळं पसारा वाटत होतं. मशीन पसारा, सुई पसारा, दोरा पसारा. खालच्या दोऱ्याची बॉबीन वर धरली तर ती हवेत विरून जाई, आणि मी मात्र त्या धुरामागे गालावर तेज घेऊन हसतोय. मी मऊ करणं बंद करायला गेलो तर भलतंच बटण दाबलं गेलं आणि माझ्या मागे समुद्रकिनारा आला. सुपरवायझर बाईंना मी नारळाच्या झाडाखाली बसून दोऱ्याचा ताण समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या मागच्या मुलींनी शिफ्ट संपेपर्यंत काम केलं असेल असं मला वाटत नाही.

कॅमेरा परत घेऊन गेलो. दुकानदाराचं तोंड पडलं. म्हणाला, गिऱ्हाइकं चेहरा लपवायला येतात, तुम्ही दाखवायला येता आणि तरी तक्रार करता. मी म्हटलं, बाबा, मला चेहरा दाखवायचाच नाही, मला सुई दाखवायची आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे सुईचं लग्न जमवायला आलोय. तरी बदलून दिला. दुसरा कॅमेरा त्याहून हुशार निघाला. हा धूर करत नव्हता. हा मान फिरवत होता! तुम्ही उठलात की तो वर बघतो, बाजूला झालात की बाजूला बघतो, घरच्या कुत्र्यासारखा. (कुत्रा तरी कधी झोपतो.) कॉल लागला. मी बाईंना म्हटलं, बघा आता, आणि मशीनवर वाकलो. वाकलो की माझं तोंड गेलं खाली. कॅमेरा घाबरला. इकडे शोध, तिकडे शोध, आणि शेवटी त्याला मागच्या भिंतीवर दोऱ्याच्या कंपनीचं कॅलेंडर सापडलं. त्यावर एक बाई रेशमी दोऱ्याचं रीळ गालाला लावून हसतेय. तो तिच्यावर जो जाऊन चिकटला, तो चिकटलाच. मी खाली मान घालून खालच्या झाकणाचे दोन पेच, आतलं हूक, दोऱ्याची वाट, सगळं मन लावून दाखवतोय. मान वर केली तेव्हा बाईंचा आवाज बर्फासारखा गार झालेला. 'मिस्त्री, या ताई कोण? आणि इतका वेळ त्या आमच्याकडे बघून हसतायत कशाला?'

कॅलेंडर काढून टाकलं. तर तो कॅमेरा भिंतीवरच्या स्विचच्या पाटीवर जाऊन बसला. दोन बटणं आणि खाली एक भोक, त्यालाही त्याचा चेहरा वाटला. त्या दिवशी साहेब दारात उभे राहून बघत होते. नुसते गोदामाच्या दिशेला बघून खाकरले.

मग मी वैतागून दुकानात गेलो आणि म्हटलं, मला बिनडोक कॅमेरा द्या. ज्याला चेहरा कळत नाही, माणूस कळत नाही, ज्याला स्वतःचं मत नाही, जिथे ठेवू तिथे गुमान बघत बसेल असा. दुकानदाराला ते लागलं. (मला वाटतं त्याला वाटलं मी त्याच्याबद्दल बोलतोय.) त्यानं अगदी मागच्या फळीवरून धूळ झटकून एक ठोकळा काढला. बाटल्यांवरचे शिक्के नीट उमटलेत का ते तपासायला कारखान्यात वापरतात, असं म्हणाला. पुढे एक गोल कडं, ते हातानं फिरवायचं. फिरवून एकदा सुईवर नजर बसवली की जग बुडालं तरी तो सुईच बघणार. मामा, मला तो बघताक्षणी आवडला. मशीनच्या वर भिंतीला फळी आहे, तिच्यावरून मी तो तारेनं खाली सुईसमोर लोंबकळत सोडला, आणि पडद्यावर सुई आली. केवढी! भोकातून मांजर जाईल एवढी. माझा चेहरा कुठेच नाही. नखातला मळ तेवढा दिसत होता, तो मी पेचकसानं काढला.

तुम्हाला वाटेल आता सगळं मार्गी लागलं. मलाही वाटलं. आता पुढचं बसून वाचा.

सुई स्पष्ट दिसायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पडद्यावर सगळं उलटं आहे. मी डावीकडे बोट नेलं की पडद्यावर ते उजवीकडे जातंय. मशीनच्या पट्टीवरचं कंपनीचं नावसुद्धा उलटं, आरशात दिसतं तसं. आधीच्या कॅमेऱ्यांत सुईच दिसत नव्हती, तेव्हा डावं-उजवं कुणाला सुचतंय! मी विचार केला (हाच तो क्षण, मामा, इथे कुणीतरी माझा हात धरायला हवा होता): मला उलटं दिसतंय म्हणजे बाईंनाही उलटंच दिसत असणार. मी डावीकडून दोरा ओवला तर त्या उजवीकडून ओवतील. तेव्हा मीच उलटं करून दाखवावं, म्हणजे त्यांना सुलटं पोचेल. काय डोकं चाललंय आपलं, असं वाटून मी एकटाच हसलोही.

नेमकी त्याच आठवड्यात बाईंच्या ओळीत नवी मशिनं गेलेली आणि त्यावर नव्या मुली बसलेल्या. मी सुईच्या अंगावरची दोरा बसायची लांब खाच असायला पाहिजे त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला केली, दोरा विरुद्ध बाजूनं ओवला, आणि एकेक पायरी अशी छान फोड करून सांगितली की मलाच माझा अभिमान वाटला. बाई एकदा म्हणाल्यासुद्धा, 'मिस्त्री, आमच्या जुन्या मशिनला आम्ही डावीकडून ओवतो.' मी काय म्हटलं असेल? म्हटलं, 'बाई, ही नवी आहेत. मी दाखवतो तसं करा.' एवढ्या तोऱ्यात तर साहेबही बोलत नाहीत. मी स्वतः शिवून दाखवलं नाही, नाहीतर माझंही मशीन तिथेच बोंबललं असतं. बाईंनी अख्ख्या ओळीच्या सुया काढायला लावल्या आणि माझ्यासारख्या बसवायला लावल्या. मुलींनी सुरुवात केली, आणि एकाही मशिनवर टाका धरेना. कापडावर नुसती भोकांची रांग.

बाईंनी परत कॉल केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'मिस्त्री, तुमचं चित्र आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ आलं, की तुमची चूकसुद्धा आम्ही बारकाव्यानिशी उचलली.' मी म्हटलं, बाई, कॅमेरा उलटं दाखवतो म्हणून मी मुद्दाम उलटं केलं, तुम्हाला सुलटं दिसावं म्हणून. 'उलटं? मला तर तुमच्या मशिनच्या पट्टीवरचं नाव सरळ वाचता येतंय.' मी म्हटलं, माझ्याकडे उलटं आहे. मग त्या म्हणाल्या, 'म्हणजे आरसा फक्त तुमच्याकडेच आहे.' नंतर आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो जांभई देत म्हणाला, हो, आपल्याला आपण आरशातल्यासारखे दिसतो, समोरच्याला सरळच दिसतो, सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना! मामा, तुम्हाला माहीत होतं का? असेल तर तुम्ही उजेडावर एवढं बोललात, त्यात हे एक वाक्य बसलं नसतं का?

साहेबांपर्यंत गेलं. ते मागच्या खोलीत आले, दार लावलं, आणि माझ्या पंधरा पिढ्यांची चौकशी केली. मी ऐकून घेतलं. ते दमल्यावर मी म्हटलं, साहेब, एकदा सरळ दाखवू द्या. बाईंना कॉल लावला. मी पडद्यावर रुमाल टाकला, म्हणजे मला माझं काही दिसणारच नाही, आणि नुसतं हाताकडे बघून काम केलं, जसं बॅग घेऊन फिरताना करायचो. खाच डावीकडे. दोरा डावीकडून. पेच आवळा. तिकडून आधी एक मशीन घरघरलं, मग दुसरं, मग अख्खी ओळ. असा आवाज ऐकला की मला कळतं, कुठे काही अडलेलं नाही. रुमाल उचलला तर बाईंनी एक कापडाचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला होता. टाके असे सरळ की पट्टीनं ओढावेत. मागून एक मुलगी ओरडली, 'मिस्त्री, आता नारळाखाली बसायला हरकत नाही!' सगळ्या हसल्या. बाईसुद्धा. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी दार उघडलं.

तर आता संपलं असेल ना? नाही. बाईंच्या मालकांचे म्हणे अजून बरेच कारखाने आहेत, आणि त्या मालकांना पुढच्या सोमवारी स्वतः बघायचंय की हा लांबून शिकवणारा मिस्त्री काय चीज आहे. पसंत पडलं तर त्यांची सगळी मशिनं आमच्याकडे आणि खुर्ची माझ्याकडे. फक्त एक अडचण आहे. माझा ठोकळा तारेला लोंबकळतो, आणि रस्त्यावरून ट्रक गेला की डुलतो. ट्रक इथे सारखेच जातात. बाई म्हणाल्या, सुई छान दिसते पण होडीत बसल्यासारखं होतं, एका मुलीला मळमळलं. साहेबांनी फर्मान काढलंय की सोमवारी चित्र हललं तर मंगळवारी गोदाम.

मला याचा कंटाळा आलाय, मामा. खरं सांगतो. मिस्त्रीनं मशीन बघावं, की मशीन बघणाऱ्या कॅमेऱ्याला बघावं, की कॅमेऱ्यात बघणाऱ्या मालकांना बघावं? त्यापेक्षा गोदाम बरं. खोक्याला चेहरा नसतो, ते मान फिरवत नाही, आणि त्याच्यावर बाण काढून 'वर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आमच्यासारख्यानं उलटं धरू नये. मी ठरवलंय, सोमवारच्या आधीच साहेबांना सांगायचं की तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ. तुम्हाला आधी कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच. मामीला नमस्कार, आईला काळजी करू नको म्हणावं, आणि यापुढे कुणी कॅमेऱ्याबद्दल सल्ला मागितला तर दुकान बंद आहे असं सांगावं.

तुमचा,
मान आणि कंबर दोन्ही गमावलेला भाचा

ता. क. – स्टुडिओत लोकांचे जुने फोटो सपाट ठेवून वरून त्यांची कॉपी काढायला तुम्ही तो लोखंडी खांब आणला होता ना, खाली जड फळी आणि वर कॅमेरा आवळायचा हात, ज्यावर सध्या मामी ओले टॉवेल टाकते? तो अजून हलत नाही ना? सहज विचारतोय.

ता. क. २ – सहज नाही. तो मला हवाय. खुर्ची सोडायचं वर जे लिहिलंय ते साहेब ओरडून गेल्या गेल्या लिहिलं. पान फाडून परत लिहायचं जिवावर आलं, म्हणून तसंच ठेवलंय. खरं म्हणजे त्या ओळीची घरघर ऐकल्यापासून मला एकदाही पायाला मुंग्या आलेल्या नाहीत. हे आईला सांगू नका, ती लगेच माझ्या लग्नाचं बोलेल.

ता. क. ३ – हे पत्र तुमच्या हातात ज्यानं दिलं तो आमच्या कंपनीच्या टेम्पोचा ड्रायव्हर आहे. तिकडे मशिनं पोचवायला आलाय आणि रिकामा परत निघालाय. पत्र वाचून होईपर्यंत थांब आणि तेवढ्यात खांबाचं मामीच्या कानावर घाल, असं मी त्याला सांगितलंय, म्हणून तर एवढं लांब लिहिलं, की टॉवेल काढायला मामीला वेळ मिळावा. साहेबांना मी 'खांब निघाला' असं सांगून टाकलंय. तेव्हा मामा, आता वाचत बसू नका. उठा.